आप्पांचे ठोके अनियमित निघाले: एट्रियल फिब्रिलेशन, रक्त पातळ करायची गोळी आणि अब्लेशनला मुंबई गाठायची का?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही भडगावकडचे, घरी शेती, मी नोकरीला नाशिकला. वडील म्हणजे आप्पा ६८ चे, बीपीची गोळी चालू आहे, शुगर पण आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला त्यात ठोके अनियमित निघाले, मग डोळा राहिला बाजूला आणि जळगावला हार्टच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे परत ईसीजी, मग इको (हृदयाची सोनोग्राफी). एट्रियल फिब्रिलेशन आहे म्हणाले. झडपा चांगल्या, पंपिंग ५५ टक्के, डावा वरचा कप्पा थोडा मोठा झालाय. मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करायची अपिक्साबॅन ५ सकाळ-संध्याकाळ लिहून दिलं.

घोळ असा की आप्पांना काहीच त्रास नाही. धडधड नाही, दम नाही, अजून मोटारसायकलवर शेतात जातात. ते म्हणतात "माले काय व्हयेल शे, कसाले गोया खाऊ?" काका म्हणतात रक्त पातळ करू नका, विळा लागला तर रक्त थांबायचं नाही. चुलतभाऊ म्हणतो सरळ मुंबईला न्या, अब्लेशन (शिरेतून तार नेऊन हृदयातला बिघडलेला करंट अडवतात ते) करून टाका, गोळीची कटकटच मिटते. आणि यात भर म्हणजे आप्पा दरवर्षी चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जातात, यंदाही जाणारच म्हणतात. कोणाच्या घरात हे चालू असेल तर सांगा, डोकं चालेना.

भुसावळ_जंक्शन
भाऊ, माझं अब्लेशन झालंय. सविस्तर रात्री लिहितो. पण चुलतभावाला एवढं सांगा की माझी रक्त पातळ करायची गोळी आजही चालू आहे.

ईसीजी_बघणारा
मूळ चोपड्याचा, सध्या मुंबईत कार्डिऑलॉजी शिकतोय. तुमचे डॉक्टर तुमचे कागद बघून बोलतायत, मी नाही, तेव्हा हे फक्त समजायला म्हणून घ्या.

घरात तिघे तीन वेगळ्या गोष्टींवर बोलतायत आणि सगळ्यांना वाटतंय एकच विषय चालू आहे. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, मिनिटाला ३५० च्या वर वेगाने नुसते थरथरतात, त्यातले काहीच ठोके खाली पोचतात आणि तेही कसेही, म्हणून नाडी अनियमित लागते. आता यात पहिलं काम म्हणजे गुठळी होऊ न देणं. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवीसारखी बाजू असते, रक्त तिथे साचतं, आणि झडपेचा आजार नसलेल्या पेशंटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास गुठळ्या तिथेच होतात. ती सुटली की मेंदूत. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. आणि हा धोका पेशंटला धडधड जाणवते का नाही यावर अजिबात ठरत नाही, तो ठरतो वय, बीपी, शुगर, हार्ट फेल्युअर, आधीचा पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार यावर. त्याचे गुण मोजतात. ६५ ते ७४ वयाला १, ७५ च्या पुढे २, बीपीला १, शुगरला १, आधी पक्षाघात झाला असेल तर २, हार्ट फेल्युअरला १, रक्तवाहिन्यांच्या आजाराला १. आधी बाई असल्याचा पण १ गुण धरायचे, युरोपच्या २०२४ च्या गाईडलाईनने तो काढून टाकला. आप्पांचे ३ झाले. २ किंवा जास्त असले की गोळी द्यावी असं गाईडलाईन सांगते. म्हणजे "काही होत नाही तर गोळी कशाला" या प्रश्नाचं उत्तर धडधडीत नाही, वय-बीपी-शुगर मध्ये आहे.

दुसरं काम ठोक्यांचा वेग आवरायचा, ते मेटोप्रोलॉल करतंय. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात बसल्या जागी ११० च्या खाली ठेवलं तरी चाललं असं दिसलं, म्हणून ८०-९० असेल तर उगाच घाबरू नका. तिसरं काम ताल परत नीट करायचा का, म्हणजे औषधाने, शॉकने किंवा अब्लेशनने. हा वेगळा निर्णय आहे आणि इथेच तज्ज्ञाचं खरं काम असतं.

जिभाऊ
वा डॉक्टर. म्हणजे ६५ पूर्ण केलं आणि बीपी असलं की २ गुण, झाली जन्माची गोळी सुरू. आमच्या खेड्यात अर्ध्या म्हाताऱ्यांना ही गोळी लागेल मग. आमचे आजोबा नव्वदीत गेले, त्यांची नाडी कोणी मोजली नाही. अर्जुनसालीचा काढा आणि फार तर ऍस्पिरिन, बस झालं. भिती घालून औषधं खपवायचा धंदा आहे सगळा.

ईसीजी_बघणारा
जिभाऊ, गुण मोजायचे ते ज्याच्या ईसीजीवर हा आजार दिसला त्याचेच. नुसतं वय आणि बीपी म्हणून कोणाला ही गोळी देत नाहीत.

ऍस्पिरिनचं मात्र स्पष्ट सांगतो कारण आपल्याकडे अजून खूप जण त्यावरच आहेत. ज्यांना वॉर्फरिन (रक्त पातळ करायची जुनी गोळी) चालणार नव्हतं अशा ५,५९९ पेशंटमध्ये ऍस्पिरिन आणि अपिक्साबॅन यांची तुलना झाली, २०११ ला छापून आली. पक्षाघात आणि गुठळी मिळून वर्षाला ३.७ टक्के ऍस्पिरिनवर, १.६ टक्के अपिक्साबॅनवर. मोठा रक्तस्राव १.२ आणि १.४, म्हणजे जवळपास सारखाच. ऍस्पिरिन "सौम्य" म्हणून सुरक्षित असं जे वाटतं ते इथे लागू होत नाही. अर्जुनसालीने गुठळी थांबते असा पुरावा माझ्या तरी वाचनात नाही. कोणाला काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, लपवून नको.

कळण्याची_भाकरी
मी अमळनेरची. जिभाऊ, तुमच्या आजोबांचं ऐकून आनंद झाला, माझ्या वडिलांचं सांगते. नाडी अनियमित आहे हे माहीत होतं, गोळी लिहून दिलेली होती, काही महिने घेतली, मग बरं वाटतंय म्हणून बंद केली आणि घरात कोणाला बोलले पण नाहीत. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलायला गेले तर नुसता आवाज. गाडी करून सिटी स्कॅनच्या ठिकाणी पोचलो. जीव वाचला. उजवा हात गेला तो गेलाच. ज्या माणसाने आयुष्यभर दुकानाच्या वह्या लिहिल्या त्याला सही करता येत नाही. काकांना विळ्याची भीती वाटते ना, विळ्याचं रक्त दाबून धरलं तर थांबतं हो, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच.

आणि असं काही दिसलं, तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोबडी वळली, तर आधी गावातल्या दवाखान्यात सलाईन लावत बसू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली ते पण तिथे सांगा, त्यावरून ते ठरवतात.

गिरणाकाठ
ताई, हे आप्पांना वाचून दाखवलं फोनवर. काही बोलले नाहीत. आईने सांगितलं नंतर की रात्रीची गोळी स्वतः मागून घेतली.

सातपुडा
शहाद्याहून लिहितोय. बायको ४४ ची, लहानपणी सांधे सुजायचे ताप यायचा, तेव्हा लक्ष दिलं नाही. मिट्रल झडप आखडलीय, बलूनने उघडून घेतली होती मागे, आता फिब्रिलेशन आहे. असिट्रोम (वॉर्फरिनसारखीच जुनी गोळी) चालू आहे आणि सारखं रक्त तपासायला जावं लागतं, शेतीच्या कामात ते जमत नाही. एका ठिकाणी सांगितलं नवीन गोळी घ्या, तपासणी लागत नाही. घेऊ का बदलून?

ईसीजी_बघणारा
सातपुडा भाऊ, परस्पर अजिबात बदलू नका. इथेच लोक फसतात. आप्पांना जी गोळी बरोबर ती वहिनींना चुकीची ठरू शकते. रुमॅटिक म्हणजे सांधेतापातून आलेला झडपेचा आजार आणि त्यावर फिब्रिलेशन, अशा ४,५०० च्या वर पेशंटचा अभ्यास २०२२ ला आला, भारतातले पेशंटही होते त्यात. नवीन गोळी रिव्हारोक्साबॅन आणि जुनी वॉर्फरिन गटातली यांची तुलना होती. सगळ्यांना वाटलं होतं नवीन तरी निदान तेवढीच चांगली निघेल. झालं उलटं, जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. म्हणून झडप मध्यम किंवा जास्त आखडलेली असेल, किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर असिट्रोम-वॉर्फरिनच, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, सांभाळायचा. वहिनींचा साधारण २ ते ३ मध्ये ठेवायला सांगितला असेल. बलूननंतर झडप आता किती उघडी आहे हे ताज्या इकोवर बघून डॉक्टरच ठरवतील. तपासणी शहाद्यात किंवा नंदुरबारला होत असेल तर रिपोर्ट व्हॉट्सऍपवर पाठवून डोस विचारता येतो का ते त्यांना विचारा, बरेच डॉक्टर हो म्हणतात.

कळण्याची_भाकरी
यात खाण्याचं मी सांगते, सासूबाईंची झडप धातूची आहे आणि असिट्रोम आहे. थंडीत आमच्याकडे भरिताचा सीझन, आणि भरितात कांद्याची पात मूठ-मूठ पडते, सोबत मेथी, पोकळा, पालक. दर हिवाळ्यात आयएनआर खाली. पातीत आणि पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं ते गोळीच्या उलट काम करतं. एकाने सांगितलं पालेभाजी बंदच करा, तर मग आयएनआर वर चढला. शेवटी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की बंद करू नका, रोज थोडी आणि सारखी खा, एका दिवशी ढीगभर आणि मग आठ दिवस नाही असं नको. तेव्हापासून बरं चाललंय. भरीत होतंच, पात मोजून.

केळीबाग
रावेरहून. मग केळीचं काय भो? आमच्या मामाला कोणीतरी सांगितलं हार्टची गोळी चालू तर केळी बंद. रावेरच्या माणसाला केळी बंद म्हणजे कसं व्हायचं.

औषधवाला_धुळे
केळीत व्हिटॅमिन के नसल्यातच जमा आहे, असिट्रोमला त्याचा फरक पडत नाही. बंद सांगतात ते पोटॅशियममुळे, आणि ते किडनी कमजोर असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर. मामांचं क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम बघा, नॉर्मल असेल तर डॉक्टरांना विचारून खुशाल खाऊ द्या.

आता काउंटरच्या या बाजूने जे रोज दिसतं ते लिहितो. डाबीगॅट्रान ही पण रक्त पातळ करायचीच, तिची कॅप्सूल लोक फोडून पाण्यात टाकतात किंवा आठवड्याच्या डबीत काढून ठेवतात, दोन्ही चूक. ओलाव्याने ती खराब होते, मूळ पाकिटातच ठेवायची आणि अख्खी गिळायची. रिव्हारोक्साबॅन १५ आणि २० जेवणासोबतच, उपाशी पोटी नीट लागू पडत नाही, म्हणून नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना सांगायचं. अपिक्साबॅनला जेवणाचं बंधन नाही पण दिवसातून दोनदा म्हणजे दोनदाच, पैसे वाचवायला एक वेळ घेणारे माझ्याकडे आहेत, अशाने गुठळीपासून पूर्ण बचाव होत नाही. परवडत नसेल तर तसं तोंडाने सांगा, जेनेरिक असतात, जनऔषधी केंद्रात विचारा, कंपनीप्रमाणे भावात खूप फरक आहे.

अपिक्साबॅन २.५ चा कमी डोस कोणाला, तर वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनीन १.५ किंवा जास्त, या तीनपैकी दोन असतील तर. म्हातारा माणूस दिसला की घाबरून कमी डोस लिहिलेला मी खूपदा बघतो. चिठ्ठी मी बदलत नाही, पण पेशंटला सांगतो की डॉक्टरांना एकदा विचारून या.

आणि गुडघे! आपल्याकडे कोणाचे गुडघे दुखत नाहीत? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन टपरीवरच्या गोळीसारखं घेतात. रक्त पातळ करायच्या गोळीसोबत हे म्हणजे पोटात रक्तस्राव मागून घेणं. पॅरासिटामॉल घ्या. आणि कमरेत इंजेक्शन टोचायच्या आधी सांगा की ही गोळी चालू आहे, नाहीतर काळंनिळं गाठोडं होतं तिथे.

खान्देशी_कोडर
थोडा वेगळा प्रश्न. वय ३६, पुण्यात आयटी, मूळ पारोळा. कधी कधी रात्री अचानक धडधड सुटते, तासाभरात जाते, डॉक्टरकडे पोचेपर्यंत ईसीजी एकदम नॉर्मल. दोनदा "ॲसिडिटी, टेन्शन" म्हणून घरी पाठवलं. घड्याळाने मात्र नोटिफिकेशन दिलं अनियमित म्हणून.

ईसीजी_बघणारा
येऊन-जाऊन असतं त्याचं असंच होतं, ते चालू असतानाच कागदावर पकडावं लागतं. घड्याळाचं हिरव्या लाईटवरचं नोटिफिकेशन म्हणजे फक्त शंका. घड्याळात ईसीजी काढायची सोय असेल तर धडधड चालू असताना ३० सेकंदांचा काढून पीडीएफ ठेवा, निदानाला कमीत कमी ३० सेकंदांची नोंद किंवा साधा १२ लीडचा ईसीजी लागतो. नाहीतर २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), रोज होत नसेल तर आठवड्याचा पॅच. सगळ्या धडधडी हाच आजार असतात असं नाही, तुमच्या वयात एसव्हीटी (ठोके अचानक जोरात पण नियमित पळतात तो आजार) पण खूप दिसतं, त्याचा उपाय वेगळा. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करा, आणि घोरत असाल तर तेही सांगा डॉक्टरांना. पार्टीनंतर सुटते का ते बघा. दारू हे यातलं माहीत असलेलं कारण आहे.

तूरडाळ
टीएसएच ला +१. माझ्या नणंदेचं फिब्रिलेशन थायरॉईड वाढल्यामुळे होतं. थायरॉईड आवरला, ताल आपोआप नीट झाला.

भुसावळ_जंक्शन
बोललो होतो म्हणून लिहितो, लांबण लागेल. रेल्वेतून रिटायर, वय ६३, बीपी आहे. मला त्रास जोरदार होता, ठोके १५० ला जायचे, प्लॅटफॉर्मचा जिना चढलो की बसावं लागायचं. आधी औषधं झाली. अमिओडारोनने ताल आला पण पुढे थायरॉईड बिघडला. या गोळीवर असाल तर थायरॉईड आणि लिव्हर दर सहा महिन्यांनी बघायचंच, फुफ्फुसांवर पण परिणाम होतो. एकदा शॉक देऊन ताल आणला. शॉकच्या आधी निदान तीन आठवडे रक्त पातळ करायची गोळी लागते, नाहीतर घशातून नळी घालून कप्प्यात गुठळी नाही ना ते बघतात, आणि नंतर चार आठवडे तरी गोळी. काही महिने बरा होतो. परत सुरू.

मग मुंबईला इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट गाठला. हे महत्त्वाचं आहे, अँजिओप्लास्टी करणारे सगळे डॉक्टर हे काम करत नाहीत, हृदयाच्या वायरिंगचे वेगळे तज्ज्ञ असतात. आणि त्यांना सरळ विचारायचं की साहेब फिब्रिलेशनची अब्लेशनं तुम्ही वर्षाला किती करता, साध्या एसव्हीटीची नाही, याची. चांगला डॉक्टर रागवत नाही. विदर्भाच्या बाजूने मुंबईला येणाऱ्या गाड्या भुसावळला थांबतातच त्यामुळे आमचं जाणं-येणं सोपं. नंदुरबारवाल्यांना सुरत जवळ पडतं, रावेरवाले इंदूरला पण जातात.

प्रोसिजर अशी की जांघेतल्या शिरेतून तारा आत नेतात, मधला पडदा टोचून डाव्या कप्प्यात जातात. फुफ्फुसाकडून चार शिरा तिथे येतात, बहुतेक वेळा खोडसाळ करंट त्या शिरांच्या तोंडाशीच निघतो, फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी हे १९९८ ला दाखवलं असं मला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मग शेताला बांध घालतात तसं त्या तोंडांभोवती जाळून नाहीतर गोठवून वळ करतात म्हणजे करंट बाहेर येत नाही. आता पल्स्ड फील्ड म्हणून तिसरी पद्धत पण आलीय. मला काही कळलं नाही, झोपेत होतो. नंतर पाय सरळ ठेवून तासनतास पडून राहायचं, तो खरा त्रास, कंबर धरते.

धोके त्यांनी आधी सांगून सही घेतली. हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात, जांघेत गाठ, श्वासाच्या पडद्याच्या नसेला इजा, आणि फार क्वचित अन्ननलिकेला भोक, त्यामुळे नंतरच्या आठवड्यांत ताप आला किंवा गिळायला दुखलं तर अंगावर काढायचं नाही. पहिले तीन महिने परत ठोके बिघडले तरी त्याला फेल धरत नाहीत. येऊन-जाऊन असणाऱ्यांना एका प्रोसिजरनंतर साधारण दहात सातांना चांगला फरक, कायमचं झालेल्यांना कमी, काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. मला आता जिने चढता येतात. खर्च काही लाखांत. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला ऍडमिट होण्याआधी विचारा, नंतर नाही.

गिरणाकाठ
दादा फार उपयोग झाला. मग आप्पांना त्रास नसताना हे करायचं का? आणि ताल आला की गोळी का सुटत नाही?

ईसीजी_बघणारा
गोळी सुटत नाही कारण त्यांचे ३ गुण अब्लेशनने पुसले जात नाहीत, आणि परत येणारं फिब्रिलेशन मुकं असू शकतं. पहिले दोन-तीन महिने तर सगळ्यांनाच, नंतर गुणांप्रमाणे. कोरियातून २०२५ ला एक अभ्यास आला, वर्षभर काहीही परत न आलेल्या निवडक लोकांमध्ये गोळी थांबवल्यावर बरं चाललं, त्यामुळे हा विषय अजून हलतोय. पण तो निर्णय मॉनिटर लावून डॉक्टर घेणार, पेशंट नाही.

अब्लेशन लगेच करा असं मी म्हणणार नाही. पण "त्रास नाही म्हणजे तज्ज्ञाला दाखवायचंच नाही" हेही नको. २०२० च्या एका मोठ्या युरोपियन अभ्यासात निदान होऊन वर्षाच्या आत असलेल्या लोकांमध्ये लवकर ताल आणायचा प्रयत्न केला तर हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू, पक्षाघात, हृदयासाठी ऍडमिशन हे मिळून कमी झालं, आणि त्यात साधारण एक तृतीयांश लोकांना त्रास नव्हताच. बहुतेकांना आधी औषधंच दिली होती, अब्लेशन थोड्यांना. आप्पांचं निदान ताजं आहे. एकदा इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्टचं मत घ्या, नाशिकला तुम्ही आहातच. ईसीजी सगळे, जुना एखादा सापडला तर तोही, इकोची सीडी, टीएसएच, क्रिएटिनीन, हिमोग्लोबिन, गोळ्यांची चिठ्ठी सोबत. आणि त्यांना खरंच काही होत नाही का हे आईला विचारा, आपली म्हातारी माणसं दम लागला तर "वय झालं" म्हणतात. वजन जास्त असेल तर दहा टक्के उतरवल्याने पण हा आजार कमी होतो, ऑस्ट्रेलियात ऍडलेडला यावर चांगलं काम झालंय.

मोतीबिंदूसाठी गोळी स्वतः बंद करू नका, त्यात बहुतेक वेळा बंद करावी लागत नाही, डोळ्याच्या आणि हार्टच्या डॉक्टरांचं आपसात बोलणं करून द्या.

जिभाऊ
ऍस्पिरिनचे आकडे बघितले. ठीक आहे. अर्जुनसाल मी सोडणार नाही, पण आमच्या मातोश्रींची नाडी उद्या दाखवतो.

गिरणाकाठ
अपडेट. आईला विचारलं तर म्हणाली गेल्या दिवाळीपासून विहिरीवरून येताना मध्ये बांधावर बसतात. आप्पा म्हणे "ते तं ऊन व्हतं". दिवाळीत कुठलं ऊन! टीएसएच नॉर्मल आलं. नाशिकला पुढच्या आठवड्याची वेळ मिळालीय, होल्टर तिथेच लावणार आहेत. गडाचं विचारलं, जळगावचे डॉक्टर म्हणाले ठोके आवाक्यात असतील तर बघू, पण उन्हात पाणी कमी पडून किडनीवर ताण येतो आणि ही गोळी काही प्रमाणात किडनीतून बाहेर जाते, त्यामुळे सगळी वाट पायी नको. आप्पांनी तडजोड केली, नांदुरीपर्यंत गाडीने, पुढचं तिथे गेल्यावर ठरवू म्हणतात. म्हणजे पायऱ्या चढणारच.

एक शेवटचं, रात्रीची गोळी विसरली आणि सकाळी आठवलं तर दोन एकदम घ्यायच्या का?

औषधवाला_धुळे
नाही. अपिक्साबॅन त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळेला. थेट सकाळच्या गोळीच्या वेळेलाच आठवलं तर सकाळची एकच घ्या, डबल कधीच नाही. गडावर जाताना चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या आणि चिठ्ठीचा फोटो आप्पांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या.